बग्गीखान्याची आतली कडी

माझी सगळी नोकरी लोकांना बसवण्यात गेली. मी एसटीत कंडक्टर होते. पुढं सरका, लेकरू मांडीवर घ्या, पिशवी पायाशी ठेवा, म्हाताऱ्या बाईला जागा द्या, असं ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात साधं मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलं. गाडी भरली की दारात लोंबकळणाऱ्यांना मी ठरलेलं वाक्य ऐकवायची, "मागून रिकामी गाडी येऊन राहिली, तिच्यात बसा." मागून गाडी यायचीच असं काही नव्हतं. बहुतेक वेळा यायची नाहीच. हे मला माहीत असायचं, त्यांनाही माहीत असायचं, तरी ते बिचारे पायरीवरून खाली उतरायचे.

सगळ्यांना बसवणाऱ्या बाईनं स्वतः कुठं बसायचं, हा प्रश्न मात्र मला रोज पडायचा. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला गाडी जाऊन थांबली की परतीच्या वेळेपर्यंत ड्रायव्हर हॉटेलच्या बाकड्यावर पाय लांब करून बसायचे. वारंगा फाट्याला थांबलो तरी तेच. मी गाडीत. उन्हाळ्यात गाडीचा पत्रा तापून आत भाकरी भाजेल अशी गत व्हायची. हॉटेलात जाऊन बसायला मला कुणी बंदी घातली नव्हती. पण बाईमाणूस एकटं चहा घेत बसलं की सगळी बाकडी तिच्याकडं तोंड करून बसतात. पहिल्या वर्षी मी जिद्दीनं बसून पाहिलं. चहा घशाखाली उतरेना. पुढं ड्रायव्हरच मला खिडकीतून कप आणून द्यायचे. भले लोक होते, त्यांच्यावर माझा राग नाही.

राग कशावर आहे ते सांगते. कोणत्याही गावात जा, पुरुषांना पार आहे, पानटपरी आहे, न्हाव्याचं दुकान आहे, पत्त्यांचा अड्डा आहे. काही काम नसताना नुसतं बसायला त्यांच्यासाठी अख्खं गाव मोकळं असतं. बाई मात्र घरातच बसणार, आणि घरात बसली म्हणजे ती काहीतरी निवडत, निसत, शिवत बसलेली असते. नुसती बसलेली बाई मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली ती फक्त एसटीच्या सीटवर, तेही तिकीट काढून. हा राग घेऊनच मी रिटायर झाले.

नावं मी कुणाचीच घेणार नाही, गावाचंही नाही. हिंगोली जिल्ह्यातलं गाव आहे, एवढं पुरे. चांगल्या माणसांची नावं घेतली तर त्यांना उगाच त्रास, आणि दुसऱ्यांची घेतली तर ते कात्रण काढून भिंतीला लावतील.

आमच्या गावात नगरपालिकेची एक बाग आहे. कारंजं आहे, त्यात पाणी नाही. बाकडी आहेत, त्यांवर सकाळी पेन्शनर, दुपारी पत्तेवाले आणि संध्याकाळी मोबाईलवाली पोरं. बागेच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनी इमारत आहे, तिला सगळे बग्गीखाना म्हणतात. निजामाच्या अमदानीत इथं कुणी मोठा अंमलदार राहायचा. त्याचा बंगला केव्हाच पडला, त्याची बग्गी ठेवायची जागा तेवढी उरली. दगड-चुन्याच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, समोर उंच कमान, बग्गी आत चढावी म्हणून दारात दगडी उतार, आणि आतल्या भिंतींना घोड्याचं सामान टांगायच्या लोखंडी खुंट्या. आत फुटकी बाकडी आणि मांडवाचे बांबू भरलेले. मी फिरायला गेले की त्या कमानीसमोर थांबायची आणि मनात हिशेब करायची. एका माणसानं आपल्या एका गाडीला सावलीत उभं राहता यावं म्हणून एवढं बांधलं. आमच्या गावातल्या बायका त्या गाडीपेक्षाही गेल्या का?

बागेच्या फाटकाशी एक भाजीवाली बसते. माझ्यापेक्षा थोडी मोठी, मी तिला अक्का म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पहाटे बीटात, म्हणजे भाजीच्या लिलावात, जाऊन भाजी आणायची आणि दिवस मावळेपर्यंत फाटकाशी उन्हात बसायचं. दुपारची भाकरी ती लोकांकडं पाठ करून, हातगाड्याच्या आडोशाला उभ्यानंच खायची. एका वैशाखात तिला चक्कर आली म्हणून ती बग्गीखान्याचं मोडकं दार ढकलून आत सावलीला जाऊन बसली. बागेतल्या माणसानं तिला हाकलून काढलं. ही बसायची जागा नाही, म्हणाला. अक्कानं मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी तशीच पायात चप्पल सरकवून ती जागा बायकांना बसायला मागायला नगरपालिकेत साहेबांकडं गेले.

साहेब तरुण होते आणि खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "बाई, लेखी मागाल तर मला नाही म्हणावं लागेल. तोंडी सांगताय तर मी ऐकलं नाही असं समजा. ती जागा पाडून तिथं खाऊगाड्या लावायचा विषय सभेत येणार आहे. त्याआधी मी एकदा पाहायला येईन. जागा वापरात दिसली तर वापरात आहे म्हणेन. पडीक दिसली तर पडीक म्हणेन."

खाऊगाड्यांचा विषय कुणाचा होता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आमच्या वॉर्डातले एक पुढारी आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांच्या पुतण्याच्या गाड्या होत्या. मी बग्गीखान्यातले बांबू बाहेर काढायला लागले तेव्हा भाऊ येऊन बघून गेले. "कंडक्टरबाई, आता आराम करा. नातवंडं सांभाळा," म्हणाले. मी म्हटलं, "आरामच करायचा हाय भाऊ. त्याच्यासाठीच त जागा झाडून राहिले."

बायका जमायला वेळ लागला नाही. अक्का होतीच. धुणीभांडी करणाऱ्या आल्या, शिलाईवाल्या आल्या, एक अंगणवाडीची मदतनीस आली. एक होती तिच्या घरचा हळदीचा धंदा, तिला आम्ही हळदवाली म्हणायचो. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हाताची बोटं बारमाही पिवळी. आमच्या विहारातल्या बायका आल्या, मोमीनपुऱ्यातल्या आल्या. सगळ्यांना एकच विचारायचे, तिथं दाराला आतून कडी राहील का? मी म्हणायची, राहील. हे मी साहेबांना विचारलेलं नव्हतं.

भिंतींचा गिलावा पोपडे धरून पडला होता. आमचा विचार सिमेंट लावून मोकळं व्हायचा. तेव्हा मोमीनपुऱ्यातल्या बायकांनी त्यांच्याकडचे एक वयस्क गवंडी आणले. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांनी भिंतीला हात लावला, बोटानं चुना खरवडला, जिभेला लावून बघितला आणि थुंकले. "शिमिट नका लावू बाई. जुनी भिंत शिमिटाला धरत न्हाई, दोन पावसाळ्यात सोडून देती. चुनाच लावा लागंल."

"तुमाला येतो का चुना?" मी विचारलं.

"आर्धा येतो. आर्धा अब्बासंगं गेला. करून बघू."

मला हे उत्तर आवडलं. सगळं येतं म्हणणारी माणसं मी गाडीत फार पाहिलीत, ती सुट्टे पैसे कधी देत नाहीत.

इमारतीमागं खड्डा खणला. कळीचा चुना त्यात टाकून वर पाणी सोडलं, तर तो असा उकळायला लागला की जवळ उभं राहवेना. मग तो मुरत ठेवला. रोज कुणीतरी बाई येऊन पाणी बघायची, फळीनं ढवळायची. तोवर आम्ही कौलं शाकारून घेतली, दार सुताराकडून नीट करून घेतलं आणि त्याला आतून चांगली जाड कडी बसवली. विटा कुटून भुगा केला. मिसळायला भांडं कुठलं आणायचं? हळदवालीच्या वाड्याला हळद शिजवायची एक जुनी मोठी कढई पडून होती. आता वाफेवर शिजवतात, त्यामुळं तिला कुणी विचारत नव्हतं. ती गाडा करून आणली. चाचांनी चुन्यात गुळाचं पाणी ओतलं, हिरडा उकळून त्याचं पाणी ओतलं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. भिंतीला एवढा गोडाधोडाचा पाहुणचार त्यांनी कधी बघितला नव्हता.

त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी चाचा नमाजला गेले आणि आम्ही जी करू नये ती गोष्ट केली.

झालं असं की हळदवाली म्हणाली, या भिंतीला वाळवी लागते, खालच्या बाजूला दिसतेच आहे. वाळवी-मुंग्यांना आमच्याकडं एकच औषध, हळद. उंबऱ्यावर टाका, धान्यात टाका, जखमेवर टाका. पॉलिश करताना हळदीचा जो भुगा पडतो, त्याची पोतीच्या पोती तिच्याकडं पडून. अक्का म्हणाली, गूळ चालतो, हिरडा चालतो, मग हळदीनंच काय घोडं मारलं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, टाका. नुसतं म्हटलं नाही, पोत्याचं तोंड सोडून मीच ओतलं.

आता गंमत बघा. हळदीच्या जिल्ह्यात जन्मलेल्या, हळदीत वाढलेल्या एवढ्या बायका तिथं उभ्या होत्या. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे त्यांतल्या निम्म्यांना लहानपणापासून माहीत. त्यांच्या आज्या घरी कुंकू करायच्या. पण गिलाव्यात हळद टाकताना एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. फावडं फिरवलं तशी कढई भगव्यावरून तांबडी झाली आणि तांबड्यावरून लालभडक.  हळदवालीनं कपाळाला हात लावला आणि खाली बसली.

चाचा आले. कढईत बघितलं आणि टोपी मागं सरकवून पोट धरून हसले. इतका मुरवलेला चुना, फेकायचा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर साहेब येऊन जायचे. चाचा म्हणाले, "लावू. लई त रंग व्हईल. हवा लागली की उतरंल हळूहळू." समोरची भिंत, म्हणजे दारातून आत बघितलं की दिसते ती, त्यांनी त्याच मालानं निम्मी लिंपली. संध्याकाळी दार उघडून पाहिलं तर आत सगळं लाल. मला ते फार सुंदर वाटलं, उगाच का नाकारू?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भिंतीखाली एक नारळ ठेवलेला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नारळाशेजारी उदबत्त्या आणि झेंडूची फुलं. बागेत फिरायला येणाऱ्या बायका दारातून हात जोडून पुढं जायला लागल्या. मग भाऊ आले. खाऊगाड्या एकदम विसरले. म्हणाले, दगडाच्या भिंतीला आपोआप कुंकू आलं, हे साधं नाही. इथं देवीचं स्थान करू. सभामंडप बांधू, कमिटी करू. कमिटीत कोण असणार हे त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यात बाई एकही नव्हती.

त्या दिवसापासून चाचा यायचे बंद झाले. मी त्यांच्या घरी गेले तर बाजेवर बसून होते. म्हणाले, "बाई, माजा हात त्या भित्तीला लागला हे कुणी काढलं त? मला तकलीफ न्हाई, माजं वय झालं. लेकरं हायत घरात."  मला आमच्यातल्या एका शहाण्यानंही सांगितलं होतं, ताई, तुम्ही यात तोंड घालू नका, तुमचं वेगळंच काढतील. आमच्या घरी बुद्धवंदना होते, हे गावाला माहीत आहे. देवीला विरोध केला तो कुणी, एवढंच लोक विचारतील.

मी घरी येऊन भांडी आदळली. माझा राग कुठल्या देवावर नव्हता, आजही नाही. कुणी मनापासून हात जोडत असेल तर मी त्याच्या हाताला कशाला हात लावू? पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. बायकांनी बसायला जागा मागितली तेव्हा अख्ख्या गावात जागा नव्हती. भिंत लाल झाली तर दोन दिवसांत जागा, मंडप, कमिटी, सगळं निघालं. म्हणजे जागा होती. आम्हाला द्यायची नव्हती.

पूजा ठरली त्या दिवशी मी तिथं गेले. आमच्या सगळ्या बायकाही आल्या, पण बाहेर उताराशी उभ्या. भाऊ आणि त्यांची माणसं दारात. भाऊ म्हणाले, "कंडक्टरबाई, बायकांना जरा मागं घ्या. पूजा व्हायची हाय. भिंतीला आपोआप कुंकू आलं, लोकांची श्रद्धा हाय."

"आपोआप न्हाई आलं भाऊ," मी म्हटलं. "म्या टाकलं. पोतं माज्या हातानं वतलं." आणि भाऊंच्याच एका माणसाच्या खिशातली तंबाखू-चुन्याची डबी मागून घेतली. तिच्यातला चुना बोटावर घेतला. हळदवालीनं पदराच्या गाठीतली हळद माझ्या तळहातावर टाकली. सगळ्यांसमोर मी चोळून दाखवलं. तळवा लाल झाला. "हे बघा. आता माज्या हाताची पूजा करता का?"

गर्दीत दोघं-चौघं हसले. भाऊ हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुमच्यात देव मानत न्हाईत बाई. तुमी यात नका पडू."

भरल्या गाडीत दारुड्यांना एका वाक्यात गप्प करणारी मी, तिथं माझी वाचा बसली. उत्तर जिभेवर होतं. पण मी एक शब्द बोलले असते की भांडण जागेचं राहिलं नसतं. त्यांचं आणि आमचं झालं असतं, मग चाचांचंही नाव निघालं असतं, आणि दार कायमचं गेलं असतं. त्यांना तेच पाहिजे होतं. मी लाल तळवा मुठीत धरून उभी राहिले. एवढी चीड मला उभ्या जन्मात आली नव्हती.

तेवढ्यात अक्का माझ्या बाजूनं पुढं गेली. हातात भाकरीचं फडकं. उतार चढून ती आत गेली, वाकून भिंतीखालचा नारळ दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि नीट बाजूला ठेवला. मग भिंतीला पाठ टेकून खाली बसली. पाय लांब केले. फडकं सोडलं.

 भाऊ म्हणाले, "मावशी, उठा तिथनं. कुंकवाची जागा हाय ती. तुमच्यासारखीनं तिथं बसू न्हाई."

"माज्यासारखीनं म्हंजी?" अक्कानं विचारलं.

 उत्तराची गरजच नव्हती. अक्काच्या मोकळ्या कपाळाकडं सगळ्यांचीच नजर गेली होती. तिला किती हळदीकुंकवांना कुणी बोलावलं नसेल, किती लग्नांत ती मांडवाच्या मागं स्वयंपाकातच राहिली असेल, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

अक्कानं भाकरी मोडली. ठेच्याला लावली. म्हणाली, "देवी असंल त तिनं उठवावं मला. ती न्हाई उठवून राहिली. तुमीच उठवून राहिले." घास तोंडात घातला, चावला, गिळला. "ती उठ म्हणंल त उठते. तवर जेवू द्या. सकाळधरनं उभी हाय मी."

मग हळदवाली आत गेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू असलेली, जिला सगळ्या हळदीकुंकवांत पहिला मान, ती अक्काच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि तिच्याच भाकरीचा तुकडा मोडून घेतला. मग शिलाईवाल्या गेल्या. मग मोमीनपुऱ्यातल्या, मग आमच्या. एकीनं खांद्यावरचं लेकरू उतरवलं आणि घोड्याच्या खुंट्यांना लुगडं बांधून त्याची झोळी केली. भिंतीची जागा भरली. मला आत बसायला उरलीच नाही. मी सवयीनं दारात उभी राहिले, एक हात चौकटीला धरून. भाऊंना आत जायचं तर मला ओलांडून जावं लागलं असतं आणि ते त्यांच्याच्यानं झालं नाही.

जेवण झाल्यावर अक्कानं तो नारळ दगडी उतारावर फोडला. सगळ्यांना वाटला. पहिला तुकडा भाऊंच्या हातावर ठेवला. "घ्या, परसाद," म्हणाली. त्यांना तो घ्यावाच लागला.

अक्का उठली तेव्हा तिच्या पाठीवर, पदरावर, मानेच्या मागं सगळा लाल रंग उतरला होता. मी झटकायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे." दुसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून ती भाजीला बसली.

पण मला माणसं ओळखायची सवय आहे. जागा रिकामी दिसली की नारळ परत येणार, हे नक्की होतं. मी ड्युट्या लावल्या. सकाळी धुणीभांडीवाल्या काम उरकून यायच्या, दुपारी भाजीवाल्या, संध्याकाळी शिलाईवाल्या. एक उठायच्या आत दुसरी बसली पाहिजे. काम काय, तर बसायचं. एका सासूनं मला रस्त्यात अडवून विचारलं, "आमच्या सुनंला तिथं काहून बोलावता? करती काय तिथं?" मी म्हटलं, "काईच न्हाई. तुमी बी या." ती आली. आता तिला उठवावं लागतं.

मग मी चाचांकडं गेले. "चाचा, आर्धी भित राहिली."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकाच्या आन तुमच्या मधी आमी बसलो की."

ते उठून थापी शोधायला आत गेले. उरलेली भिंत त्यांनी साध्या पांढऱ्या चुन्यानं लिंपली. बायका सरकून सरकून जागा देत होत्या आणि ते मधून लिंपत होते. चाचा म्हणाले, एवढ्या नजरांखाली त्यांनी कधी काम केलं नव्हतं, थापी वाकडी पडायची सोय नाही.

साहेब आले तेव्हा दुपार होती. झोळीत लेकरू झोपलेलं, अक्का भिंतीला टेकून घोरत होती. त्यांनी चपला काढल्या, उगाच. हळू आवाजात मला विचारलं, "वापर काय लिहू? वाचनालय? प्रशिक्षण? बचत गट?"

"बसायला," मी म्हटलं.

"नुसतं बसायला, असं कारण चालत नाही बाई."

"साहेब, पारावर बसलेल्याला कधी इच्यारलं का, कारण काय म्हणून?"

त्यांनी अक्काकडं एकदा बघितलं. मग बघतो म्हणाले. सभेत खाऊगाड्या बागेबाहेरच्या रस्त्याला गेल्या आणि बग्गीखाना महिलांच्या वापराला राहिला. शब्द कोणता लिहिला ते मी विचारलं नाही.

भिंतीचा लाल रंग चाचा म्हणाले तसा उतरत गेला. आधी विटकरी झाला, मग पिवळा, आता साधारण सायीसारखा आहे. कपाट ठेवलंय तिथं मागं अजून थोडा लाल आहे म्हणतात. वाळवी लागली नाही, हे मात्र मी सगळ्यांना ऐकवते.

उद्घाटन भाऊंनीच केलं, त्यांच्याच फ्लेक्सनं. फ्लेक्सवर त्यांचा फोटो आणि त्यांचे अथक प्रयत्न. माझी फोटोला हरकत नव्हती.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, आम्ही आतून कडी लावलेली. अक्का झोपलेली, हळदवाली पाय चेपून घेत होती, एक पोरगी लेकराला पाजत होती, बाकीच्या गप्पा मारत होत्या, आणि कुणाच्याही हातात काही काम नव्हतं. दार वाजलं. बाहेरून भाऊंचा आवाज आला. जिल्ह्याचे पाहुणे आलेत, त्यांना भाऊंनी केलेलं काम आतून बघायचं आहे, उघडा. हळदवाली उठायला लागली. मी तिला हातानंच खाली बसवलं आणि दाराजवळ गेले. दारापलीकडं बऱ्याच माणसांच्या चपला वाजत होत्या. घसा खाकरला आणि माझा जुना आवाज लावला, जो वारंग्याच्या फाट्यावर रस्त्याच्या पलीकडं ऐकू जायचा.

"गाडी भरली भाऊ. मागून रिकामी येऊन राहिली, तिच्यात बसा."

बाहेर चपला वळल्या. मग ते उतारावरून खाली उतरून गेल्याचं ऐकू आलं. मी कडी एकदा हलवून पाहिली, पक्की होती. अक्कानं डोळे न उघडता पाय जवळ घेतले, तिच्या शेजारी भिंतीला थोडी जागा झाली, आणि मी बसले.